वजन किती? आणि आठवडे किती?

आरोग्य पाठ : गटाच्या बैठकीत वाचून दाखवा, मग शेवटच्या प्रश्नांवर चर्चा करा



गटात कर्ज दिलं की सचिव ताई वहीत रक्कम लिहितात आणि शेजारी तारीख लिहितात. नुसतं 'दहा हजार' लिहून ठेवलं, कधी दिले ते लिहिलंच नाही, तर व्याज किती झालं, हप्ता किती थकला, काहीच सांगता येणार नाही. आकडा खरा असतो, पण अर्धा असतो.

बाळ जन्मलं की आपण असाच अर्धा आकडा विचारतो. "वजन किती भरलं?" सासूबाई विचारतात, आत्याबाई विचारतात, शेजारीण विचारते. "किती आठवड्यांचं झालं?" हे मात्र कुणी विचारत नाही. या पाठात एवढंच शिकायचं आहे की हे दोन आकडे सोबत असल्याशिवाय लहान बाळाची काळजी नीट ठरत नाही.

दोन बाळं, एकच वजन

आपल्या हातकणंगले तालुक्यातल्या एका गावातली ही गोष्ट. एका आशाताईंनी ती मला सांगितली. नावं सांगत नाही, कारण घर ओळखू येईल.

एकाच गल्लीत, एकाच महिन्यात दोन बाळंतपणं झाली. दोन्ही बाळं २ किलो २०० ग्रॅमची. गल्लीत सगळे म्हणाले, "दोन्ही सारखीच की! जरा बारीक हायती, वाढतील हळूहळू."

पण ती सारखी नव्हती. पहिलं बाळ ३४ आठवड्यांचं, म्हणजे पूर्ण दिवसांच्या दीड महिना आधी झालेलं. त्या वयाला २ किलो २०० ग्रॅम हे वजन जवळपास योग्यच. पोटात त्याची वाढ नीट होत होती, ते फक्त लवकर आलं. दवाखान्याने त्याला निगराणीत ठेवलं. चोखण्याची ताकद येईपर्यंत आईचं काढलेलं दूध वाटी-चमच्याने पाजलं.

दुसरं बाळ पूर्ण ४० आठवड्यांचं. दिवस भरलेल्या बाळाला २ किलो २०० ग्रॅम हे वजन फारच कमी. म्हणजे ते वेळेवर आलं, पण पोटात त्याला पुरेसं पोषण मिळालं नाही. अंगावरची कातडी सैल, हातपाय काटकुळे, पण डोळे टक्क उघडे. ते रडलं चांगलं, दूधही ओढलं. त्यामुळे सगळे निर्धास्त झाले. घरी सोडताना कागदावर लिहिलं होतं : 'वजन २.२ किलो, बाळ ठीक.' आठवड्यांचा रकाना रिकामाच.

तिसऱ्या दिवशी आशाताई भेटीला गेल्या. आजी कौतुकाने सांगत होत्या, "लई गुणाचं लेकरू. रडत न्हाई, त्रास देत न्हाई. सकाळपासून झोपलंय." आशाताईंनी हाताच्या मागच्या बाजूने बाळाचं पोट पाहिलं, पाय पाहिले. पाय गार, पोटही कोमट नव्हतं. तळव्याला टिचकी मारली तरी बाळ नीट जागं होईना. त्यांनी लगेच बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाला लावलं, वरून पांघरूण घातलं, आईचं दूध पिळून चमच्याने थोडं थोडं द्यायला लावलं आणि गाडी बोलावली. दवाखान्यात तपासलं तर रक्तातली साखर खाली गेलेली. वेळेत पोचलं म्हणून बाळ वाचलं आणि पाचव्या दिवशी घरी आलं.

'गुणाचं लेकरू' म्हणून ते आणखी चार तास झोपू दिलं असतं तर? साखर फार वेळ कमी राहिली तर झटके येतात, मेंदूला इजा होते, जीवही जातो. बारीक बाळाचं गप्प पडून राहणं हा गुण नाही, ती धोक्याची खूण असू शकते.

आठवडे कसे मोजायचे?

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचं. तिथून ४० आठवडे, म्हणजे २८० दिवस. सोपा हिशोब असा : पाळीच्या पहिल्या दिवसाच्या तारखेत ९ महिने आणि ७ दिवस मिळवा. पाळी १ जानेवारीला आली असेल तर अंदाजे तारीख ८ ऑक्टोबर.

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलं तर ते अपुऱ्या दिवसांचं बाळ. ३७ पूर्ण झाल्यावर जन्मलं तर पूर्ण दिवसांचं. वरच्या उदाहरणात १७ सप्टेंबरच्या आधी झालं तर अपुऱ्या दिवसांचं.

आपण "नववा लागलाय" म्हणतो, पण नववा लागला म्हणजे ३५ आठवडे की ३८, ते त्यातून कळत नाही. म्हणून पाळीची तारीख घरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवा. तारीख आठवत नसेल तर पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी कामाची. त्या वेळची सोनोग्राफी बाळाचं वय अचूक सांगते. तो कागद फाईलमधून काढू नका.

शंभर बाळांची रांग

'दिवसांच्या मानाने लहान' हे डॉक्टर कसं ठरवतात?

असं समजा, ४० आठवडे भरलेली शंभर बाळं वजनाप्रमाणे एका रांगेत ठेवली. सगळ्यांत हलकं पहिलं, सगळ्यांत जड शेवटचं. या रांगेतली पहिली दहा बाळं म्हणजे दिवसांच्या मानाने लहान. ३४ आठवड्यांची रांग वेगळी, ३७ आठवड्यांची वेगळी, मुलांची वेगळी, मुलींची वेगळी. डॉक्टरांकडे त्याचा छापील तक्ता असतो.

यातून दोन गोष्टी कळतात. एक : २ किलो ६०० ग्रॅमचं बाळ अडीच किलोच्या वर आहे म्हणून सगळे खूश होतात, पण ते ४१ आठवड्यांचं असेल तर तेही दिवसांच्या मानाने लहानच. दोन : रांगेतल्या पहिल्या दहांतली काही बाळं मुळातच लहान चणीची आणि ठणठणीत असतात. म्हणून हे नाव म्हणजे आजार नव्हे, जास्त लक्ष ठेवा अशी सूचना आहे.

कागदावरची अक्षरं

घरी सोडताना मिळणारा कागद इंग्रजीत असतो. त्यातली अक्षरं ओळखून ठेवा.

एल.बी.डब्ल्यू. : जन्माचं वजन अडीच किलोपेक्षा कमी. हे फक्त वजनावरून ठरतं.
प्रीटर्म : ३७ आठवड्यांच्या आधी जन्मलेलं.
टर्म किंवा एफ.टी. : पूर्ण दिवसांचं.
ए.जी.ए. : दिवसांच्या मानाने योग्य वजनाचं.
एस.जी.ए. : दिवसांच्या मानाने लहान.
आय.यू.जी.आर. : पोटात वाढ खुंटलेलं.

एकच बाळ प्रीटर्म आणि एस.जी.ए. दोन्ही असू शकतं. ते लवकरही आलं आणि वाढही कमी झाली. अशा बाळाची काळजी सगळ्यांत जास्त.

काही दवाखान्यांच्या कागदावर, विमा किंवा योजनेच्या फाईलवर अक्षर आणि आकडा असा कोड असतो. जागतिक आरोग्य संघटनेने जगातल्या सगळ्या आजारांची एक यादी केली आहे, तिला आयसीडी म्हणतात. तिच्या दहाव्या आवृत्तीत नवजात बाळांच्या तक्रारी 'पी' अक्षराखाली आहेत. पी ०५ म्हणजे पोटात वाढ कमी झालेलं बाळ. त्यातही पी ०५.० म्हणजे वजन कमी पण लांबी ठीक, आणि पी ०५.१ म्हणजे वजन आणि लांबी दोन्ही कमी. पी ०७ म्हणजे लवकर जन्मलेलं किंवा कमी वजनाचं बाळ. पण पोटात वाढ कमी झाल्यामुळे वजन कमी असेल तर ते पी ०७ मध्ये नाही, पी ०५ मध्ये घालायचं, असा त्या यादीचाच नियम आहे.

आपण बायकांनी हे कोड पाठ करायचे नाहीत. ते लिहिणं दवाखान्याचं काम. पण कोड कशावर ठरतो ते बघा. आठवडे लिहिलेले नसतील तर लिहिणाऱ्याला पी ०५ की पी ०७ हे ठरवताच येत नाही. मग बाळ नुसतं 'कमी वजनाचं' म्हणून मोजलं जातं. पुढे दुसरा डॉक्टर तो कागद बघतो तेव्हा त्यालाही कळत नाही, बाळ लवकर आलं होतं की पोटात उपाशी राहिलं होतं. गावात अशी किती बाळं पोटातच खुंटतात हेही मग मोजलं जात नाही, आणि जे मोजलं जात नाही त्याच्यावर उपाय कुणी मागत नाही.

म्हणून दवाखाना सोडण्याआधी पाच गोष्टी कागदावर आहेत का बघा. नसतील तर सिस्टरना नम्रपणे सांगा, "ताई, एवढं लिहून द्या."

१. जन्माचं वजन, ग्रॅममध्ये. 
२. पूर्ण झालेले आठवडे.
३. लांबी आणि डोक्याचा घेर.
४. ए.जी.ए. की एस.जी.ए.
५. घरी सोडतानाचं वजन आणि पुन्हा दाखवायची तारीख.

आपल्या तालुक्यात हुपरीला चांदीचा ग्रॅम ग्रॅम तोलून लिहितात. लेकराचं वजन 'अडीचच्या आसपास' असं का म्हणून लिहू द्यायचं? हेच आकडे माता-बाल संरक्षण कार्डावरही उतरवून घ्या.

घरी आल्यावर

साधारण १८०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं किंवा ३४ आठवड्यांच्या आतलं बाळ नवजात बालकांच्या विशेष कक्षात ठेवावं लागतं. त्याहून मोठं, पण अडीच किलोच्या आतलं बाळ बरं असेल तर आईजवळ वाढतं. त्याला तीन गोष्टी लागतात : ऊब, दूध आणि स्वच्छता.

ऊब. बारीक बाळाच्या अंगावर चरबीचा थर नसतो. ते पटकन गार पडतं, आणि गार पडलं की अंगातली साखर ऊब राखण्यातच संपते. म्हणून बाळाला आईच्या उघड्या छातीशी ठेवायचं. याला कांगारू काळजी म्हणतात. १९७८-७९ च्या सुमारास कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात डॉक्टरांनी ही पद्धत सुरू केली. तिथे काचेच्या पेट्या कमी आणि बाळं जास्त होती. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की कमी वजनाच्या किंवा लवकर जन्मलेल्या बाळाला दिवसातले ८ ते २४ तास असं ठेवावं. बाळाला फक्त टोपडं, मोजे आणि लंगोट घाला. दोन्ही स्तनांच्या मध्ये उभं धरा, पाय बेडकासारखे, मान एका बाजूला, नाक मोकळं. वरून मऊ सुती साडीने बांधा. एका वेळी निदान एक तास. आई थकली तर बाप, आजी, आत्या, कुणीही हे करू शकतं. छाती आईचीच हवी असं नाही.

शेक-शेगडीबद्दल स्पष्ट बोलू. दारं-खिडक्या बंद करून खोलीत निखारे ठेवले की त्याचा विषारी वायू कोंडतो. धुराने बाळाची छाती भरते. ऊब छातीची द्या, शेगडीची नको. पहिला दिवसभर आंघोळ नकोच. बाळ बारीक असेल तर आशाताई किंवा सिस्टर सांगेपर्यंत कोमट ओल्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरडं करा.

दूध. जन्मल्यावर तासाभरात चीक पाजायचा. नंतर दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. दिवसात आठ ते बारा वेळा. बाळ झोपलेलं असेल तर उठवून पाजा. तळवे चोळा, दुपटं काढा, लंगोट बदला. ओढायची ताकद नसेल तर स्वच्छ हातांनी दूध काढा आणि उकळलेल्या वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजा. बाटली नको. मध, बाळगुटी, साखरपाणी, वरचं दूध यांतलं काहीही नको. सहा महिने फक्त आईचं दूध. डॉक्टरांनी लिहून दिलेले ड जीवनसत्त्वाचे आणि लोहाचे थेंब मात्र चुकवू नका.

स्वच्छता. बाळाला घेण्याआधी साबणाने हात धुवा. नाळेला तेल, हळद, राख काही लावायचं नाही. पाचवीला, बारशाला माणसं येणारच, पण बाळ हातोहात फिरवू नका. लस वेळेवर द्या. 'बारीक आहे' म्हणून आपल्या मनाने पुढे ढकलू नका.

वजन. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं. दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत आलं पाहिजे. पुढे आठवड्याला साधारण १५० ते २०० ग्रॅम वाढलं पाहिजे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही येतात. त्या आल्या की बाळ झोपलंय म्हणून दारातून परत पाठवू नका. वजन करून घ्या, लिहून घ्या.

लगेच दवाखाना गाठा, जर बाळ...

दूध ओढत नसेल किंवा ओढायचं थांबलं असेल. उठवूनही उठत नसेल. पोट आणि पाय दोन्ही गार असतील. अंगात ताप असेल. मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेत असेल. श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल. झटके येत असतील. तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील. नाळेतून पू येत असेल.

यांतलं एक जरी दिसलं तरी थांबू नका. बाळ छातीशी बांधूनच न्या. १०२ किंवा १०८ ला फोन करा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार, औषधं आणि ने-आण मोफत आहे.

हे घरी जमतं का?

जमतं, आणि ते आपल्याच महाराष्ट्रात सिद्ध झालं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं. बाळाचं वजन करणं, ऊब देणं, दूध पाजायला मदत करणं, धोका ओळखून उपचार करणं. या बायका फार शिकलेल्या नव्हत्या, पण नोंदी पक्क्या ठेवायच्या. तिसऱ्या वर्षी त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. आज आपल्या आशाताई घरी येऊन भेटी देतात त्यामागे हेच काम आहे.

पोटात असतानाच

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या बाळांचं साडेतीन किलोच्या. गरोदरपणात ज्या बायका पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा घेत होत्या त्यांची बाळं मोठी होती. ज्यांना शेतातलं आणि घरातलं कष्टाचं काम जास्त, त्यांची लहान. म्हणजे मेथी, चाकवत, शेवग्याचा पाला ताटात हवाच, पण सुनेच्या डोक्यावरची घागर आणि उसाचा भाराही खाली उतरायला हवा. कांडी भरायला, चांदीच्या कामाला तासन् तास बसणाऱ्या गरोदर बाईला दुपारी आडवं व्हायला मिळालं पाहिजे.

याच अभ्यासात असंही दिसलं की ही बाळं दिसायला काटकुळी असली तरी त्यांच्यात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त असते. पुढे मधुमेहाचा धोका वाढतो. म्हणून बारीक बाळाला पावडरचं दूध, नंतर बिस्किटं-साखर कोंबून 'गुबगुबीत' करायच्या मागे लागू नका. वजनासोबत उंचीही वाढते का ते अंगणवाडीत मोजून घ्या. बहुतेक बाळं दोन वर्षांत बरोबरी गाठतात. नाही गाठली तर डॉक्टरांना दाखवा.

आणि मिश्री. २००४ साली मुंबईतल्या १२१७ गरोदर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मिश्री, तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. "दातालाच लावतो, खात न्हाई" म्हणून तंबाखू रक्तात जायची थांबत नाही.

रक्त कमी असणं, रक्तदाब वाढणं यानेही बाळ खुंटतं. प्रत्येक तपासणीला रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि पोटाचा घेर-उंची बघून घ्या. "बाळ दिवसांप्रमाणे वाढतंय का?" हा प्रश्न सिस्टरना दर वेळी विचारा.

शेवटी एक. बाळ बारीक झालं की बोट सुनेकडे वळतं. तिने काय खाल्लं, काय नाही. पण तिच्या ताटात काय पडलं, तिला विश्रांती किती मिळाली, हे तिच्या एकटीच्या हातात होतं का? आणि बारीक जन्मलेली मुलगी असेल तर तिला दवाखान्यात न्यायला गाडी तितक्याच लवकर निघते का? याचं उत्तर आपण आपल्या घरापुरतं खरं द्यायचं.

बैठकीत चर्चा करा

१. आपल्या गटात आता गरोदर कोण आहे? तिच्या पाळीची तारीख कार्डावर लिहिली आहे का?
२. एक बाळ २ किलो ३०० ग्रॅम, ३५ आठवड्यांचं. दुसरं तितक्याच वजनाचं, ४० आठवड्यांचं. पोटात वाढ कमी झालेलं कोणतं? (दुसरं.)
३. बारीक बाळ चार तास झोपलं आहे, रडत नाही. काय कराल? (उठवून पाजा, पोट आणि पाय हाताने बघा. उठत नसेल किंवा गार असेल तर छातीशी बांधून दवाखाना.)
४. गल्लीत गरोदर बाईचं पाणी भरणं आणि ओझ्याचं काम कोण वाटून घेईल? नावं ठरवा आणि ठराव वहीत लिहा.

दशसूत्रीत नियमित नोंदी आहेत आणि आरोग्यही आहे. या वेळी दोन्ही एकाच कागदावर आणू. गावात बाळ जन्मल्याची पेढ्याची पुडी हातात पडली की विचारा : "वजन किती? आणि आठवडे किती?"